कॉर्न : मका की धान्य?

इंग्रजीतल्या 'कॉर्न' या शब्दाचा सर्वात जुना अर्थ दाणा. गव्हाचा, जवाचा, मिठाचा, मिऱ्याचा, कशाचाही. दाण्यावरून तो एकूण धान्याला लागला आणि धान्यावरून त्या त्या मुलखाच्या मुख्य पिकाला. इंग्लंडमध्ये कॉर्न म्हणजे बहुधा गहू, स्कॉटलंडमध्ये ओट, अमेरिकेत मका. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ 'कोर्न' बऱ्याच भागांत राय नावाच्या धान्यासाठी वापरला जातो. भारतात आज अमेरिकन अर्थ रुळला आहे. स्वीट कॉर्न, बेबी कॉर्न, पॉपकॉर्न ही त्याचीच बाळे. पण भारतात इंग्रजी आली ती इंग्लंडहून, आणि एकोणिसाव्या शतकात इथे लिहिल्या गेलेल्या इंग्रजी कागदपत्रांत हाच शब्द इंग्लंडच्या अर्थाने येतो. म्हणून शब्द एकच असला, तरी तो वाचणारे दोघे दोन वेगळी शेते डोळ्यांसमोर आणतात.

या शब्दाचे जुने अर्थ कोशात आणि वर्गात ठेवावेत की नाहीत, यावर दोन मते संभवतात. एक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे, दुसरे इंग्रजी-मराठी कोशाच्या संपादकाचे. दोघांचा वाद पुढे दिला आहे. मध्येमध्ये आवश्यक तिथे माहितीची भर घातली आहे.

शिक्षिका : सर, आठवीतल्या कोणत्याही मुलाला कॉर्न म्हणजे काय विचारा. मका, असं सांगेल, आणि ते बरोबरच आहे. सिनेमाच्या मध्यंतरात मका, चायनीजच्या गाडीवर सूपमध्ये मका, मॉलमध्ये लोणी-मसाला लावून कपात मिळतो तोही मका. तरी तुमच्या कोशात पहिला अर्थ 'धान्य'! मुलानं कोश उघडायचा आणि गोंधळून बंद करायचा?

संपादक : बाई, पहिला अर्थ मका द्या, माझी ना नाही. वापरात जो पुढे, तो कोशातही पुढे. पण तुम्ही दुसरा अर्थ काढूनच टाका म्हणता, तिथे मी अडतो. इंग्रजी बायबलचं 1611 सालचं भाषांतर घ्या. कनान देशात दुष्काळ पडतो आणि योसेफाचे भाऊ कॉर्न विकत घ्यायला मिसर देशात जातात. तिथे मका कुठून येणार? मका मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबस तिकडे पोचला 1492 मध्ये.

शिक्षिका : ते कबूल. पण मराठी बायबलमध्ये तिथे 'धान्य' आहे, आणि इंग्रजीतल्या अलीकडच्या भाषांतरांनीही कॉर्न काढून 'ग्रेन' घातलंय. म्हणजे खुद्द इंग्रजांनीच हा अर्थ सोडला. त्यांनी टाकलेलं आपण का वाहायचं?

शिक्षिकेच्या या मुद्द्यात तथ्य आहे. 'ग्रेन' हा शब्द लॅटिन 'ग्रानुम'वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'कॉर्न' जर्मानिक कुळातला, इंग्रजीचा घरचा. दोघांचे मूळ एकच आहे. जर्मानिक भाषांत जुन्या 'ग'चा 'क' झाला, एवढाच फरक. भाषाशास्त्रज्ञ हे मूळ पिकणे, झिजणे, जुने होणे या अर्थाच्या धातूशी जोडतात, आणि संस्कृतमधला 'जीर्ण' त्याच कुळात बसवतात. इंग्रजीत शतकानुशतके दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदले. पुढे अमेरिकन वापर जगभर पसरला तसा 'कॉर्न'चा व्यापक अर्थ आक्रसत गेला आणि ती जागा 'ग्रेन'ने भरून काढली. तरीही ब्रिटिश शेतकऱ्याच्या बोलण्यात गव्हा-जवाच्या शेताला कॉर्नचे शेत म्हणणे आजही बंद झालेले नाही.

संपादक : वाहायचं अशासाठी, की टाकलेल्या अर्थानं लिहिलेलं साहित्य कोणी टाकलेलं नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी ॲडम स्मिथ वाचतो, रिकार्डो वाचतो. पानोपानी कॉर्न. त्यानं मका समजून वाचलं तर सगळा युक्तिवाद पाण्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला 'कॉर्न लॉज' येतात. त्याला कोण सांगणार?

शिक्षिका : इतिहासाचे सर सांगतील. पाठ्यपुस्तकात 'धान्य कायदे' लिहिलं की प्रश्न मिटला.

हे कायदे म्हणजे शब्दाच्या ब्रिटिश अर्थाचा सर्वात ठळक दाखला. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपत आल्यावर युरोपातले स्वस्त धान्य येऊन आपले भाव पाडील, अशी धास्ती इंग्लंडच्या जमीनदारांना वाटली. संसदेत त्यांचेच वजन होते. 1815 च्या कायद्याने ठरवले की देशात गव्हाचा भाव क्वार्टरला 80 शिलिंगांपर्यंत चढल्याशिवाय परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. क्वार्टर म्हणजे 8 बुशेल. गव्हाच्या हिशेबात साधारण 218 किलो. राय, जव, ओट यांच्यासाठी वेगळ्या मर्यादा होत्या, आणि गंमत अशी की त्याच यादीत वाटाणा आणि घेवड्यासारखी कडधान्येही होती. कायद्याच्या भाषेत 'कॉर्न'चा पसारा एवढा मोठा होता. भाकरीच्या किमतीवर जगणारा शहरी मजूर आणि मजुरी कमी ठेवू पाहणारा गिरणीमालक, दोघेही या कायद्यावर चिडले. मँचेस्टरमध्ये रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी चळवळ उभी केली. 1843 मध्ये जेम्स विल्सन यांनी 'द इकॉनॉमिस्ट' काढले ते याच कायद्यांविरुद्ध झुंजायला. हेच विल्सन पुढे भारताचे अर्थसदस्य झाले, 1860 मध्ये त्यांनी इथला पहिला अर्थसंकल्प मांडला, प्राप्तिकर आणला आणि त्याच वर्षी ते कलकत्त्यात वारले. भारताच्या पहिल्या अर्थसदस्याची कारकीर्द ज्या 'कॉर्न'वरून घडली, त्यात मुख्य पीक गहू होते.

संपादक : बाई, तुम्ही म्हणता पाठ्यपुस्तकात 'धान्य कायदे' लिहिलं की मिटलं. मग 1845-46 चं आयर्लंड कसं शिकवाल? तिथे एकाच मंत्रिमंडळासमोर दोन कॉर्न होते.

आयर्लंडमध्ये 1845 च्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी दोन गोष्टी केल्या. उघडपणे त्यांनी धान्य कायदे रद्द करायचे ठरवले. ते 1846 मध्ये रद्द झाले आणि त्यात त्यांचा पक्ष फुटला. दुसरी गोष्ट गाजावाजा न करता केली. एका पेढीमार्फत अमेरिकेतून सुमारे एक लाख पौंडांचे 'इंडियन कॉर्न' मागवले. हा मका. 'इंडियन' म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. भारताशी त्याचा काही संबंध नव्हता. मका कॉर्क बंदरात उतरला तेव्हा पुढची अडचण समोर आली. त्याचे दाणे गारगोटीसारखे कडक होते. आयरिश गिरण्यांना असल्या दाण्याची सवय नव्हती. नीट पीठ व्हायला तो दोनदा दळावा लागे. अर्धवट दळलेला, अर्धवट शिजवलेला मका उपाशी पोटात गेला आणि लोकांना जुलाब लागले. त्या पिवळ्या पिठाला लोकांनी 'पीलचे गंधक' असे नाव ठेवले. त्या दोन वर्षांतली कागदपत्रे वाचताना 'कॉर्न'च्या आधी 'इंडियन' आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय वाक्य कशाबद्दल आहे ते कळत नाही.

शिक्षिका : बरं, हे पटलं. पण यावरून उलट माझाच मुद्दा निघतो. दोन वस्तूंना एक नाव ठेवलं की घोळ होतो. अमेरिकनांनी 'इंडियन' हा शब्द गाळला आणि घोळ वाढवला. गव्हाचं नाव मक्याला देण्याची गरज काय होती?

संपादक : गव्हाचं नाव त्यांनी मक्याला दिलं नाही. 'आपलं मुख्य धान्य' हे नाव त्यांनी आपल्या मुख्य धान्याला दिलं. इंग्लंडमध्ये गव्हानं तेच केलं होतं, स्कॉटलंडमध्ये ओटनं. 1620 मध्ये प्लिमथला उतरलेल्या वसाहतवाल्यांना तिथल्या टिस्क्वांटम नावाच्या रहिवाशानं मका लावायला शिकवला, खत म्हणून मासे पुरायला शिकवलं. त्या जमिनीत त्यांना तारलं मक्यानं. मग तोच कॉर्न. नोआ वेब्स्टरनं 1828 च्या कोशात हे स्वच्छ नोंदवलंय: सर्वसाधारण अर्थ धान्य, पण आमच्याकडे रूढीनं मका, गहू चांगला आला, कॉर्न वाईट गेलं, असं आमचे लोक सहज म्हणतात. तुम्हाला हे परकं वाटतं का? भंडारा-गोंदियाला जा.

भंडारा-गोंदियाचा दाखला नेमका आहे. संस्कृत 'धान्य' म्हणजे सगळे धान्य. त्यावरून आलेला 'धान' पूर्व विदर्भात फक्त साळीला लागतो. तिथल्या धान खरेदी केंद्रावर गव्हाची पोती घेऊन कोणी जात नाही. कोकणात 'भात' उभ्या पिकालाही म्हणतात आणि ताटातल्या शिजलेल्यालाही. 'भाकरी' हा शब्द आणखी बोलका आहे. विशेषण न लावता भाकरी म्हटले की सोलापुरात ज्वारीची, नगरकडे बाजरीची आणि रत्नागिरीत तांदळाची समजतात. ज्या पिकावर मुलूख जगतो, ते पीक सर्वसाधारण नाव हक्काने घेते आणि बाकीच्यांना विशेषणे लावून घ्यावी लागतात.

शिक्षिका : हे मुलांना सांगता येईल. 'कणीस'ही तसंच झालंय. शहरातल्या मुलाला पावसाळ्यात कणीस म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं, लिंबू-तिखट चोळलेलं मक्याचंच. जोंधळ्याला कणीस असतं हे त्याच्या गावीही नसतं.

संपादक : आणि मराठी बायबलमध्ये येशूचे शिष्य शेतातून जाताना कणसं मोडतात. शहरी वाचकानं तिथे काय डोळ्यांसमोर आणायचं?

शिक्षिका : म्हणजे सर, धान्य शब्द वापरूनही भाषांतरवाला सुटला नाही!

इथवर संपादकांची बाजू भक्कम दिसते. पण जुन्या अर्थाच्या प्रेमात पडलेल्या माणसाला तो अर्थ नसेल तिथेही दिसू लागतो, आणि शिक्षिकेने त्यांना तिथेच गाठले.

शिक्षिका : तुमच्या कोशात ओकच्या फळाला, 'एकॉर्न'ला, 'ओकचा कॉर्न' अशी फोड दिलीय. ती खरी का?

संपादक : नाही. ती लोकांनी केलेली फोड. जुन्या इंग्रजीत तो 'एकर्न' होता. त्याचं नातं 'एकर'शी, मोकळ्या रानाशी. कॉर्नसारखं ऐकू आलं म्हणून स्पेलिंग तसं वळवलं गेलं. ती टीप पुढच्या आवृत्तीत निघेल.

शिक्षिका : आणि कॉर्नफ्लेक्स? पहिले कॉर्नफ्लेक्स गव्हाचे होते, असं सांगून कॉर्नचा जुना अर्थ सिद्ध करणारे लेख मी वाचलेत.

ही गोष्ट अर्धी खरी आहे. मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक इथे केलॉग बंधूंनी 1894 मध्ये जे पोहे लाटले ते गव्हाचेच होते. पण त्यांना कॉर्नफ्लेक्स म्हणत नव्हते. ते 'ग्रॅनोज' या नावाने विकले गेले. मक्याचे पोहे नंतर आले, आणि कंपनी 1906 मध्ये उभी राहिली ती मक्यावर. अमेरिकेत त्या वेळी कॉर्न म्हणजे मकाच होता. त्यामुळे गव्हाच्या पोह्यांना ते नाव कोणी दिलेच नसते. हा दाखला जुन्या अर्थाच्या बाजूने नेहमी दिला जातो. प्रत्यक्षात तो उलट साक्ष देतो.

शिक्षिका : मग राहिलं काय? चार कायदे, एक बायबल, दोन-तीन अर्थशास्त्रज्ञ. संग्रहालयात ठेवा.

संपादक : राहिलं बरंच, फक्त उघड्यावर नाही. तुमच्या चपलेचा नंबर किती, बाई?

शिक्षिका : पाच. त्याचं काय?

संपादक : सहा घातला तर चप्पल नेमकी किती वाढेल? एक जव.

चपला-बुटांच्या ब्रिटिश नंबरांत एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंतचे अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. हे अंतर 'बार्लीकॉर्न'चे. तीन सुके, गोलसर जव टोकाला टोक लावून ठेवले की एक इंच, असा नियम इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकातल्या दुसऱ्या एडवर्ड राजाच्या नावावर सांगितला जातो. भारतातल्या दुकानांत डब्यावर छापलेले नंबर बहुधा याच ब्रिटिश मापाचे असतात. आपल्याकडेही जवाने मोजण्याची पद्धत होतीच. कौटिलीय अर्थशास्त्रात 8 यव म्हणजे 1 अंगुळ असा हिशेब आहे. दाणा हे जगातले सर्वात सोपे एकक. तो सगळीकडे सापडतो, आणि एकाच जातीचे दाणे साधारण सारख्या आकाराचे असतात.

दाण्याचा हा सर्वात जुना अर्थ जोडशब्दांतच जास्त टिकला. डब्यात मिळणाऱ्या 'कॉर्न्ड बीफ'मध्ये मका नसतो. मांस मिठाच्या खड्यांत मुरवतात, ते खडे म्हणजे कॉर्न. तोफेच्या दारूलाही 'कॉर्न्ड' म्हणत. भुकटीच्या रूपातली दारू प्रवासात हादरून तिचे घटक वेगळे होत आणि ती नीट पेटत नसे. ती ओली करून, वडी करून, चाळून तिचे दाणे पाडले की दाण्यांच्या फटींतून आग झपाट्याने पसरते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपात तोफा जास्त मारक झाल्या त्याचे एक कारण हे दाणे पाडणे होय. 'कर्नल' म्हणजे गर. जुन्या इंग्रजीत तो छोटा कॉर्न, दाणुला. सैन्यातल्या कर्नलशी मात्र त्याचे काही देणेघेणे नाही.

'पेपरकॉर्न' म्हणजे मिऱ्याचा दाणा, आणि तो इंग्रजी कायद्यात मोठ्या मानाने बसला आहे. जागा फुकट दिली तर करार कच्चा पडतो. म्हणून वर्षाला एक मिरा भाडे लिहीत. मोबदला थोडा असला तरी चालेल, पण असला पाहिजे, हे तत्त्व. 1960 मध्ये छापल्या गेलेल्या 'चॅपेल विरुद्ध नेस्ले' या खटल्यात चॉकलेटची रिकामी वेष्टणे हा मोबदल्याचा भाग धरायचा का, असा प्रश्न होता. घेणाऱ्याला मिरी आवडत नसतील आणि तो दाणा फेकून देणार असेल, तरी तो मोबदला ठरतोच, अशा आशयाचे लॉर्ड सॉमरव्हेल यांचे वाक्य कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असते. त्या वाक्यात त्यांनी दाण्याला नुसते 'कॉर्न' म्हटले आहे.

शिक्षिका : आणि पायाला होतो तो कॉर्न? मुलं हमखास विचारतात.

संपादक : तो वेगळाच शब्द. लॅटिन 'कोर्नू', म्हणजे शिंग, फ्रेंचमार्गे आला. शिंगासारखी कडक कातडी. 'युनिकॉर्न', 'कॅप्रिकॉर्न', 'कॉर्नर', सगळे त्या घरचे. मराठीत कुरूप. कोशात दोन स्वतंत्र नोंदी हव्यात. एकाच नोंदीखाली घातले तर पाय शेतात जातो.

शिक्षिका : मग माझी एक मागणी लिहून घ्या. कॉर्नफ्लोअर. मुली परदेशी पाककृती बघून मका दळतात आणि सॉस घट्ट होत नाही म्हणून रडतात.

ही मागणी रास्त आहे, आणि तिच्यात जुन्या अर्थाचा प्रश्न नाही; ब्रिटिश-अमेरिकन फरकाचा आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातले निव्वळ पांढरे पिष्ट. बोटांत घेतले की करकरते, आणि पाण्यात कालवून उकळले की घट्ट होते. अमेरिकन पाककृतीत त्याला 'कॉर्नस्टार्च' म्हणतात. तिथे 'कॉर्न फ्लोअर' म्हणजे मक्याचे बारीक दळलेले पीठ. एका नावाची दोन पिठे, आणि दोन्ही मक्याचीच. निळ्या 'कॉर्नफ्लॉवर' फुलाचा यात काही वाटा नाही. ते गव्हाच्या शेतात तणासारखे उगवायचे, एवढाच त्याचा कॉर्नशी संबंध.

वादाच्या अखेरीस नोंदीचा क्रम ठरला तो असा: मका आधी, धान्य नंतर, दाणा शेवटी, आणि कुरूप स्वतंत्र. शिक्षिकेला हवा तो अर्थ वर आला. संपादकांचा एकही अर्थ खाली गळला नाही. शालेय छोट्या कोशात मात्र 'धान्य' या अर्थापुढे 'जुना ब्रिटिश वापर' अशी खूण लागेल. ती शिक्षिकेची अट, आणि योग्य अट.

मराठी वाचकाला या जुन्या वापराशी सर्वात जास्त गाठ पडते ती मोल्सवर्थच्या कोशात. 1831 मध्ये निघालेला आणि 1857 मध्ये सुधारून वाढवलेला तो मराठी-इंग्रजी कोश आजही मराठीच्या अभ्यासकाच्या हाताशी असतो. खळे, मळणी, कणीस, रास, पेव अशा शेतीच्या शब्दांचे अर्थ त्यात इंग्लंडच्या इंग्रजीत दिलेले आहेत. तिथे 'कॉर्न' दिसला तर त्याच्या आधी 'इंडियन' आहे का ते पाहावे. नसेल, तर तो मका नव्हे.